तेरावा मजला आणि न गळलेल्या फ्रेम

परवा अंधेरीतल्या एका एडिट रूममध्ये अमेरिकेला पाठवायच्या तासाभराच्या कार्यक्रमाचं काम चाललं होतं. एका शिकाऊ मुलाने 'ड्रॉप फ्रेम' या प्रकारचा टाइमकोड निवडायला साफ नकार दिला. "सर, फ्रेम गळतील ना!" हा गैरसमज इतका पसरलाय की आज लिहायलाच बसलो.

टाइमकोड म्हणजे व्हिडिओतल्या प्रत्येक फ्रेमला, म्हणजे एकेका स्थिर चित्राला, दिलेला नंबर: तास, मिनिट, सेकंद, फ्रेम. आपला टीव्ही सेकंदाला बरोबर २५ फ्रेमचा. २५ मोजल्या की सेकंद झाला, घड्याळाशी तंटा नाही.

अमेरिकेतही आधी सरळ ३० होत्या. १९५३ मध्ये रंगाची पद्धत ठरली आणि रंगाची लहर ४.५ मेगाहर्ट्झच्या आवाजाच्या लहरीत मिसळून पडद्यावर ठिपके उमटण्याची भीती निर्माण झाली. आवाजाची लहर हलवावी तर घरोघरचे जुने सेट अडचणीत. म्हणून चित्राचाच वेग किंचित उतरवला: ३० गुणिले १०००, भागिले १००१. म्हणजे सुमारे २९.९७.

पण फ्रेमला नंबर पूर्णांकातच द्यावा लागतो. मोजणारा ३० झाल्याशिवाय सेकंद बदलत नाही, त्यामुळे टाइमकोडवर एक तास होईपर्यंत भिंतीवरच्या घड्याळात तासावर ३.६ सेकंद उलटलेले असतात. हा फरक १०८ नंबरांचा.

यावरचा तोडगा म्हणजेच ड्रॉप फ्रेम, आणि तो मला फार आवडतो. मिनिट बदलताना ०० आणि ०१ हे फ्रेमचे दोन नंबर वगळायचे, फ्रेम नाही. तासात ६० वेळा वगळले तर १२० होतील, १२ जास्त. म्हणून दर दहाव्या मिनिटाला वगळायचं नाही. ५४ गुणिले २, बरोबर १०८!

मुंबईतल्या काही टॉवरमध्ये लिफ्टमध्ये १२ नंतर थेट १४ चं बटण असतं. मजला तिथेच असतो, लोक राहतात, फक्त नंबर नसतो. तिथे कारण अंधश्रद्धेचं, आणि ती सोडायलाच हवी. इथे कारण गणिताचं आहे.

एवढं करूनही टाइमकोड दिवसाला सुमारे ८६ मिलिसेकंद पुढे जातो, म्हणून चोवीस तास चालणाऱ्या यंत्रणेत तो घड्याळाशी पुन्हा जुळवावा लागतो.

त्या मुलाला मी एकेक फ्रेम पुढे सरकवून दाखवली. ००:००:५९;२९, आणि पुढचीच ००:०१:००;०२. पडद्यावर एक बाई कपात चहा ओतत होती. चहाची धार कुठेच तुटली नाही.