पाळी गेल्यावर बायकांना टेस्टोस्टेरॉन

टेस्टोस्टेरॉन म्हणलं की लोकांना दाढी-मिशाच आठवतात, पण हे हार्मोन बायकांच्या अंगातही तयार होतं, अंडाशयात आणि किडनीवरच्या अॅड्रिनल ग्रंथीत, फक्त लई कमी. तरुणपणापासूनच ते हळूहळू उतरत जातं, त्यामुळं पाळी गेली म्हणून एकदम पडत नाही, एकदम पडतं ते इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांचं मुख्य हार्मोन.

ऑपरेशनमधे दोन्ही अंडाशयं काढली तर मात्र टेस्टोस्टेरॉन जवळपास निम्म्यावर येतं, आणि मराठवाड्यात हे सांगावंच लागतं. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा विषय 2019 ला गाजला, सरकारी पाहणीत 82 हजारांतल्या 13 हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली, त्यात कित्येक तिशी-पस्तिशीतल्या. पाळीमुळं कामाला खाडा पडला की मुकादम पैसे कापणार, अन् अंगावरून जातंय म्हणून दवाखान्यात गेलं की कॅन्सरची भीती दाखवून पिशवीच काढा म्हणणारे भेटणार. नुसती पिशवी काढली का अंडाशयंपण, हे बऱ्याच जणींना माहीतच नसतं, डिस्चार्ज कार्ड असेल तर त्यावर बघून घ्यावं.

उपचाराचं म्हणाल तर 2019 मधे जगभरच्या तज्ज्ञ संस्थांनी मिळून टेस्टोस्टेरॉन द्यायला एकच कारण मान्य केलं: पाळी गेल्यावर शरीरसंबंधाची इच्छा कमी होणं, आणि तेही त्या बाईला स्वतःला त्याचा त्रास होत असेल तर. थकवा, विसरभोळेपणा, हाडं यासाठी पुरावा नाही, रीलवाले काहीही सांगोत. आधी योनीतला कोरडेपणा, डिप्रेशनच्या गोळ्या, घरातला ताण हे बघायचं; नवऱ्याच्या दारूवर बायकोला टेस्टोस्टेरॉनचं जेल लावून उपयोग नाही.

ऑस्ट्रेलियात 2020 पासून बायकांसाठी वेगळी क्रीम आहे, युरोपात अंगाला चिकटवायची पट्टी होती ती 2012 ला बंद झाली. बऱ्याच ठिकाणी डॉक्टर पुरुषांचंच जेल कमी करून देतात, पुरुषाला दिवसाला 50 मिलीग्रॅम तर बाईला साधारण 5, म्हणजे दहावा हिस्सा. मांडीला लावायचं, हात धुवायचे, वाळलं की कपड्यानं झाकायचं, जेल लावलेल्या उघड्या मांडीवर लेकराला घ्यायचं नाही. रक्तातलं टेस्टोस्टेरॉन आधी तपासायचं, परत 3 ते 6 आठवड्यांनी, आणि 6 महिन्यांत फरक नाही पडला तर बंद. गोळ्या अन् इंजेक्शनं नकोच. पुटकुळ्या, हनुवटीवर केस येऊ शकतात, डोस जास्त झाला तर आवाज घोगरा होतो अन् तो परत पहिल्यासारखा होईलच असं नाही.

पस्तिशीत अंडाशयं गेलेल्या बाईला हाडं आणि हृदयासाठी आधी इस्ट्रोजेन लागतं, काही अडचण नसेल तर पाळी जायच्या नेहमीच्या वयापर्यंत, टेस्टोस्टेरॉनचा विचार त्याच्यानंतर.