टीम्समध्ये डायल प्लॅन लावून घ्यायचाय? रिक्वेस्ट कुठे अडकते ते आधी बघा

मायक्रोसॉफ्ट टीम्सवरून फोन करायला आयटीकडे डायल प्लॅनची रिक्वेस्ट टाकली आणि चार दिवसांनी 'अपुरी माहिती' असा शेरा मारून तिकीट बंद, हे खूप जणांचं होतंय. नेमकं काय अपुरं ते शेरा मारणारा लिहीत नाही आणि समोरचा तेच तिकीट तसंच्या तसं परत टाकतो. एक ओळ जास्त लिहायला काय जातं कळत नाही. म्हणून हे एकदा नीट लिहून ठेवते.

डायल प्लॅन म्हणजे तुम्ही दाबलेले आकडे पूर्ण आंतरराष्ट्रीय नंबरात बदलायचे नियम. पुण्याच्या ऑफिसात कुणी ०२० आणि पुढे आठ आकडे दाबले, तर पहिलं शून्य काढायचं आणि +९१ लावायचं, बस, एवढंच त्याचं काम. आयएसडी चालू करणं हे त्याचं काम नाहीच! 'क्लायंट अमेरिकेत आहे, डायल प्लॅन द्या' अशा रिक्वेस्ट हमखास परत येतात, कारण डायरेक्ट राउटिंग (कंपनीने स्वतः घेतलेली टेलिफोन लाइन टीम्सला जोडलेली) असेल तर कुणाला कुठे कॉल लावता येईल हे व्हॉइस राउटिंग पॉलिसी ठरवते. तुम्हाला आयएसडीच हवं असेल तर त्या पॉलिसीसाठी अर्ज करा, इथे वेळ घालवू नका.

पात्रता सोपी आहे. टीम्स फोनचं लायसन्स, एंटरप्राइझ व्हॉइस (अकाउंटवरून बाहेर फोन करायची सोय) चालू आणि नंबर दिलेला. हे नसेल तरी प्लॅन लागतो, फोन मात्र लागत नाही. लावणाऱ्याकडे टीम्स ॲडमिनिस्ट्रेटर किंवा टीम्स कम्युनिकेशन्स ॲडमिनिस्ट्रेटरचा रोल हवा.

आता रिक्वेस्टसोबत काय द्यायचं. पहिलं, लॉगिनचं नाव. ईमेल नाही, लॉगिन. लग्नानंतर आडनाव बदललं, ईमेल नवीन झाला पण लॉगिन जुन्याच नावावर राहिलं, असं प्रत्येक ऑफिसात कुणाचं तरी असतंच, आणि मग 'यूजर सापडत नाही' म्हणून तिकीट परत. दुसरं, यूसेज लोकेशन, म्हणजे अकाउंटवर नोंदलेला देश. हे कुणीच देत नाही कारण असं काही असतं हेच माहीत नसतं. अकाउंट अमेरिकेतल्या हेड ऑफिसने बनवलं असेल तर माणूस हिंजवडीत बसलेला असला तरी त्याचं लोकेशन अमेरिका असू शकतं, आणि मायक्रोसॉफ्टचा देशनिहाय मूळ डायल प्लॅन त्याच लोकेशनवरून लागतो. म्हणजे तुमचे नियम ज्याच्यावर बसणार तो पायाच चुकीचा. आधी ते भारत करून घ्या. तिसरं, तुम्ही नेमकं काय दाबता आणि काय होतं. 'कॉल लागत नाही' एवढ्यावर कुणीच काही करू शकत नाही हो, दाबलेला आकडान् आकडा लिहा, सुरुवातीचं शून्य असेल तर तेही.

ॲडमिनचं प्रत्यक्ष काम पॉवरशेलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या विंडोत. कनेक्ट-मायक्रोसॉफ्टटीम्सने लॉगिन करायचं आणि ग्रँट-सीएसटेनंटडायलप्लॅन या कमांडला आयडेंटिटीत लॉगिन आणि पॉलिसीनेममध्ये प्लॅनचं नाव द्यायचं. जुन्या नोट्समधली ग्रँट-सीएसडायलप्लॅन वापरू नका, ती ऑफिसातल्या स्काइप फॉर बिझनेस सर्व्हरची आहे. आणि ग्लोबल हा स्विच चुकूनही लावू नका, एका माणसाऐवजी अख्ख्या कंपनीचा प्लॅन बदलेल.

नवीन ॲडमिन मंडळी कुठे फसतात तर नियम लिहिताना. +९१ च्या पुढे डॉलर-एक ($1, म्हणजे पॅटर्नमधल्या कंसात पकडलेले आकडे) लिहायचं असतं, आणि ते डबल कोट्समध्ये लिहिलं की पॉवरशेल त्याला स्वतःचा व्हेरिएबल समजून रिकामं करतं. नियम सेव्ह होतो, एरर येत नाही, आणि प्रत्येक नंबराचं नुसतं +९१ होतं! सिंगल कोट्स वापरा. पॅटर्नच्या (नंबर ओळखायच्या साच्याच्या) सुरुवातीला ^ आणि शेवटी $ हवंच, म्हणजे नंबर कुठे सुरू आणि कुठे संपला ते पक्कं होतं, नाहीतर भलतेच नंबर त्यात अडकतात. ११२ चा कॉल अडकला तर काय होईल ते सांगायला नको. नियम वरून खाली बघितले जातात आणि पहिला जुळेल तोच लागतो, म्हणून नेमके नियम वर ठेवा.

अजून एक, हे फार कमी जण सांगतात. यूजरला स्वतःचा प्लॅन दिला की कंपनीचा ग्लोबल प्लॅन त्याच्यापुरता सुटतो, दोन्ही एकत्र होत नाहीत. चार आकडी एक्स्टेन्शनचे नियम ग्लोबलमध्ये असतील तर दुसऱ्या दिवशी 'शेजारच्या टेबलाला फोन लागत नाही' ही तक्रार ठरलेली. ते नियम नवीन प्लॅनमध्येही टाका.

मुदतीबद्दल. प्लॅन लावल्या लावल्या चालत नाही, कधी काही तास जातात, एक दिवस धरून चला आणि यूजरला साइन आउट करून परत साइन इन करायला सांगा. पाच मिनिटांत 'झालं नाही' म्हणून तिकीट परत उघडलं की रांगेत पुन्हा शेवटी जाता. तोवर ॲडमिनला टेस्ट-सीएसइफेक्टिव्हटेनंटडायलप्लॅन चालवायला सांगा, दाबलेला नंबर दिला की त्याचं काय होणार आणि कुठल्या नियमाने ते दिसतं. तिथे बरोबर येतंय आणि दुसऱ्या दिवशीही फोन लागत नाहीये, तर दोष राउटिंगमध्ये शोधा आणि ते आउटपुट टेक्स्टमध्येच तिकिटाला जोडा, म्हणजे 'अपुरी माहिती' म्हणायला जागाच उरणार नाही.