रात्री अकरालाही भिंत गरम का लागते?

मे महिन्यात परभणीचा पारा ४३ अंशांवर गेला की दुसऱ्या दिवशी पेपरात तो आकडा ठळक छापून येतो. किमान तापमान मात्र कोपऱ्यातल्या तक्त्यात पडलेलं असतं. शहराच्या उष्णतेची खरी बातमी त्या तक्त्यात आहे, असं माझं ठाम मत आहे.

शहर दुपारी जास्त तापतं, असं आपण धरून चालतो. पण नांगरून पडलेलं काळं रान उन्हाळ्यात दुपारी शहराइतकंच, कधी त्याहूनही जास्त तापतं. तिथं ना ओल असते ना सावली. फरक कळतो तो दिवेलागणीनंतर. रात्री गाडीवरून नांदेडला परतताना शेवटचं रान मागे पडून वस्ती लागली की तोंडावर धग येते. हवामानाच्या नोंदी ठेवणाऱ्या ल्यूक हॉवर्डनं १९व्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये हेच मोजलं होतं: रात्री शहर आसपासच्या खेड्यांपेक्षा सुमारे २ अंशांनी गरम, दिवसा मात्र किंचित थंडच.

याचं कारण मला फार सुंदर वाटतं. प्रत्येक वस्तू तिच्या तापमानानुसार अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे, किरण सोडत असते. २७ अंशांचं काँक्रीट दर चौरस मीटरमागे सुमारे ४६० वॅट बाहेर टाकतं. आकाशही काही परत पाठवतं, पण मराठवाड्यातल्या कोरड्या, निरभ्र रात्री ते कमी पडतं. निव्वळ तोटा साधारण १०० वॅटचा धरू. रानातल्या भुसभुशीत कोरड्या मातीत हवा असते, त्यामुळे दिवसाची उष्णता खोल जात नाही. वरचा पातळ थर तापतो आणि लवकर निवतो. स्लॅबचं तसं नाही. पाच इंची स्लॅबचं वजन चौरस मीटरला ३०० किलोच्या घरात. तो १० अंशांनी थंड व्हायला सुमारे २६ लाख ज्यूल बाहेर जायला हवेत. १०० वॅटनं, म्हणजे सेकंदाला १०० ज्यूलनं, भागा: सात तासांहून जास्त. सात वाजता सूर्य मावळला तर रात्रीचे दोन वाजतात! हा हिशेब वारा सोडून, फक्त आकाशाच्या भरवशावरचा. आणि हे झालं मोकळ्या गच्चीचं. गल्लीतल्या भिंतीला आकाशाची जेमतेम पट्टी दिसते, बाकी समोरची भिंतच. एकीनं टाकलेली उष्णता दुसरी घेते आणि परत करते.

पूर्वीच्या माळवदाच्या घरात मातीच्या जाड थरातून ऊन आत पोचायलाच संध्याकाळ व्हायची, आणि झोपायला वर मोकळं आकाश. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडी भिंती आणि मातीची जड छतं माणसांवर कोसळली. त्यानंतर लोकांनी स्लॅब आणि पत्रा जवळ केला, त्यांना दोष कसा द्यायचा?

खिशात कांदा ठेवल्यानं ऊन लागत नाही, हे आजही ऐकू येतं. शरीर थंड होतं ते घाम वाळल्यानं, आणि घामाला पाणी प्यावं लागतं. कोरड्या हवेत कूलर उत्तम चालतो, पण आठ दिवसांनी नळ येणाऱ्या वस्तीत त्याच्या टाकीत घालायला पाणी कुठून आणायचं? त्याच गल्लीत ज्याच्याकडे एसी आहे, तो आपल्या खोलीतली उष्णता शेजाऱ्याच्या खिडकीपाशी सोडतो.

निदान गच्चीला चुना मारता येतो. पांढऱ्या पृष्ठभागावरून ऊन परततं, स्लॅबमध्ये कमी मुरतं आणि रात्री बाहेर काढायलाही कमी उरतं. मार्चमध्येच मारावा, पावसाळ्यात तो बराचसा धुऊन जातो, पुढच्या वर्षी पुन्हा एक हात द्यावा लागतो.