साम्याची टक्केवारी आणि वाङ्मयचौर्य: दोन वेगळ्या गोष्टी

सोलापुरातील संशोधन केंद्रांत प्रबंध किंवा शोधनिबंध सादर करण्याची वेळ आली की "किती टक्के आले?", म्हणजे त्यातला किती मजकूर इतरांच्या लेखनाशी जुळला, हाच प्रश्न आधी विचारला जातो. दहा टक्क्यांची मर्यादा धरून नऊ आले तर सुटका आणि बारा आले तर संकट, हा हिशेब मुळातच चुकीचा आहे.

ही टक्केवारी साम्य अहवालात येते आणि तो सॉफ्टवेअर तयार करते. सॉफ्टवेअर आपल्या साठ्यातील मजकुराशी जुळणारे शब्द रंगवून दाखवते. श्रेय दिले आहे की लपवले आहे, याचा निवाडा ते करत नाही. वाङ्मयचौर्य म्हणजे दुसऱ्याचा विचार, आकडे, मांडणी किंवा वाक्ये श्रेय न देता स्वतःची म्हणून पुढे करणे, आणि ते वाचूनच ठरवावे लागते. समजा, यंत्रमाग कामगारांच्या आरोग्यावरील एका निबंधात प्रमाणित प्रश्नावली, कायद्यातील कलमे आणि अवतरणचिन्हांतील उतारे असल्यामुळे अठरा टक्के साम्य आले, तर त्यात चोरी नसू शकते. उलट एखाद्या इंग्रजी निबंधाचा संपूर्ण युक्तिवाद मूळ लेखकाचे नाव न घेता मराठीत उतरवला, तर अहवाल तीन टक्केही दाखवील, पण ती उघड चोरीच आहे. समानार्थी शब्द पेरून टक्के उतरवून देण्याचा धंदा मला म्हणूनच अत्यंत घातक वाटतो: त्याने चोरी तशीच राहते, फक्त पुरावा पुसला जातो.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांत 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, परंतु ती उचलेगिरीची मुभा नव्हे. श्रेय दिलेली उद्धरणे, संदर्भसूची, प्रमाणित समीकरणे आणि सर्वसामान्य ज्ञानाचे सलग 14 शब्दांपर्यंतचे साम्य त्याच विनियमांनी मोजणीतून वगळले आहे, हे मात्र क्वचितच कोणी सांगते.



संपादकाने केवळ आकडा पाहून निबंध परत पाठवू नये. रंगवलेला प्रत्येक भाग मूळ स्रोताशी ताडून पाहावा, लेखकाकडून लेखी खुलासा मागवावा, चोरी सिद्ध झाल्यास अप्रकाशित निबंध नाकारावा आणि छापून झालेला असल्यास कारण जाहीर करून तो मागे घ्यावा. मार्गदर्शकांनी पहिल्या टिपणापासूनच स्रोत आणि पृष्ठक्रमांक लिहून घेण्याची शिस्त लावावी, कारण शेवटच्या आठवड्यात कोणते वाक्य कोणाचे होते हे संशोधकालाही आठवत नाही.