माकडाचा गळा बोलू शकतो, मग अडतं कुठे?

माणूस आणि जनावर यांच्यातली रेघ विज्ञानपट बहुधा तोंडापाशी पुसतात. २०११ च्या ‘राइज ऑफ द प्लॅनेट ऑफ द एप्स’मधला चिंपांझी सीझर खुणांनी बोलतो, डावपेच आखतो, आपण कौतुकाने बघत राहतो. मग तो छळणाऱ्या रखवालदाराचा हात धरून ‘नो!’ असा गरजतो, आणि अंगावर सर्रकन काटा येतो. शहाणपणापेक्षा एका उच्चाराचीच आपल्याला जास्त धास्ती.

माकडांना बोलता का येत नाही? १९६९ मध्ये एका मेलेल्या माकडाच्या घशाचा साचा काढून मोजमापं झाली आणि घशाची ठेवणच बोलण्याजोगी नाही, असा निष्कर्ष निघाला. पाठ्यपुस्तकांत तो पुढे कित्येक वर्षं टिकला. २०१६ मध्ये टेकम्सेह फिच आणि आसिफ गझनफर या शास्त्रज्ञांच्या गटाने जिवंत माकडाचं खाताना, ओरडताना, ओठ हलवताना क्ष-किरण चित्रण केलं. त्या आकारांवरून संगणकाने माकडाच्या घशातून ‘माझ्याशी लग्न करशील?’ हे इंग्रजी वाक्य वदवलं. घोगरं, पण कळण्याजोगं.

ते माकड लांब शेपटीचं, आशियातलं. ठाण्यात उपवनच्या बाजूला येऊरच्या जंगलातून उतरणारी, ग्रिलमधून हात घालून ओट्यावरची केळी पळवणारी माकडं त्याचीच भावकी. कुंपणाच्या भिंतीवर बसलेली माकडीण पिल्लाकडे बघून ओठ चपाचप हलवते, ते एकदा नीट बघा. सेकंदाला साधारण पाच वेळा! आपण बोलताना अक्षरं पडतात तीही जवळपास याच तालात.

गळा आहे, ताल आहे, मग घोडं अडतं ते मेंदूत. हालचालींचा हुकूम सोडणाऱ्या मेंदूच्या भागातून स्वरयंत्र हलवणाऱ्या चेतापेशींपर्यंत माणसात थेट तारा जातात. माकडांत त्या नाहीत, चिंपांझीतही असल्या तर नावापुरत्या. त्यामुळे ओरडणं भावनेच्या भरात होतं, ठरवून शब्द घडवणं जमत नाही. १९४०च्या दशकाअखेरीस अमेरिकेत एका जोडप्याने व्हिकी ही चिंपांझी पोटच्या पोरीसारखी वाढवली, हाताने ओठ दाबून शिकवलं. तिची मजल ‘मामा’, ‘पापा’, ‘कप’ अशा मोजक्या शब्दांपुढे गेली नाही, तेही कुजबुजल्यासारखे.

पटकथाकारांनी सीझरच्या मेंदूवर औषध चालवलं, म्हणजे जागा बरोबर हेरली. पण मोठ्या झालेल्या प्राण्यात लांब पल्ल्याच्या नव्या चेतातारा औषधाने ओढल्या जातील, ही निव्वळ पडद्यावरची जादू.

रेघ खरोखर पुसट होते ती प्रयोगशाळेत, आणि तिथे कोणी गरजत नाही. २०२१ मध्ये लांब शेपटीच्या माकडांच्याच १३२ भ्रूणांत प्रत्येकी २५ मानवी मूलपेशी, म्हणजे ज्यांतून शरीराच्या वेगवेगळ्या पेशी घडू शकतात अशा पेशी, सोडल्या गेल्या. एकोणिसाव्या दिवशी तीन भ्रूण तगून होते; मेंदू घडण्याच्या आधीच प्रयोग थांबवला. बोलकं माकड बनवायचा तिथे विचारही नव्हता. डुकरासारख्या प्राण्यात माणसाला बसवता येतील असे अवयव पुढेमागे वाढवायचे, तर दोन जातींच्या पेशी एकमेकींशी कशा जुळवून घेतात, हे संशोधकांना तपासायचं होतं.