इंजिन-गिअरबॉक्स जुळणी (जुने ट्रक)

जुन्या ट्रकचे इंजिन किंवा गिअरबॉक्स यांपैकी एकच भाग बदलताना, जागेवर राहिलेल्या भागाशी त्याचा मेळ घालण्याच्या कामाला इंजिन-गिअरबॉक्स जुळणी म्हणतात. मराठवाड्यात उसाची वाहतूक आणि जालन्याच्या सळईची ने-आण करणाऱ्या जुन्या गाड्यांत हे काम निघते. टाटाचे ६९७ इंजिन (९७ × १२८ मिमी, सहा सिलिंडर, ५,६७५ सीसी) उतरवून कमिन्स ६बीटी (१०२ × १२० मिमी, ५,८८३ सीसी) चढवणे हे त्याचे एक उदाहरण. सीसीत फरक थोडा दिसतो, पण ६बीटीच्या टर्बोमुळे (इंजिनात हवा दाबून भरणारा भाग) ताकदीत तो मोठा पडतो.

आधी फ्लायव्हील हाउसिंगचे (इंजिनाच्या मागच्या जड चाकावरचे कवच, ज्यावर गिअरबॉक्स बसतो) तोंड मोजावे. एसएई या प्रमाण मापांपैकी एसएई ३ चा आतला व्यास ४०९.६ मिमी, एसएई २ चा ४४७.७ आणि एसएई १ चा ५११.२ मिमी असतो. तिन्हींना बोल्ट १२च असतात, त्यामुळे नुसते बोल्ट मोजून काही कळत नाही. माप जुळत नसेल तर मध्ये अडॅप्टर प्लेट घालतात. मात्र १२ मिमी जाडीची प्लेट घातली की गिअरबॉक्स १२ मिमी मागे जातो आणि क्लच शाफ्टचे (गिअरबॉक्सचा पुढे आलेला दांडा) टोक पायलट बेअरिंगपर्यंत (क्रँकच्या टोकातले, हे टोक पेलणारे बेअरिंग) पुरत नाही. मग लेथवर लांब बुश करून बेअरिंग मागे, शाफ्टकडे आणावे लागते.

खरी गोम या शाफ्टच्या खोलीत आणि मध्यात आहे. क्लच प्लेट न लावता गिअरबॉक्स एकदा कोरडा चढवून पाहावा. शाफ्टच्या टोकाला कणकेची गोळी चिकटवून बसवला आणि परत काढला, की दबलेल्या गोळीच्या जाडीवरून पुढे किती जागा उरली ते कळते. ३ ते ५ मिमी उरलीच पाहिजे. शाफ्ट क्रँकला टेकला तर थ्रस्ट वॉशर (क्रँकची पुढे-मागे सरक रोखणारी चकती) खाल्ला जातो. मध्य तपासायला डायल गेज (काट्याचे मापयंत्र) फ्लायव्हीलवर चुंबकी स्टँडने बसवून क्रँक हाताने पूर्ण फिरवावा. हाउसिंगच्या कडेवर काट्याचा एकूण फरक ०.२० मिमीच्या आत हवा. हा आकडा दुप्पट दाखवतो, म्हणजे प्रत्यक्ष सरक ०.१० मिमीची असते. हे माप टाळले तर गाडी टॉप गिअरमधून आपोआप सुटू लागते. मग मिस्त्री सिंक्रो आणि फोर्क (गिअर जुळवणारे आणि सरकवणारे भाग) बदलत बसतो, आणि दोष असतो हाउसिंगमध्ये.

गिअरबॉक्स चढवताना शेवटचे बोटभर अंतर हाताच्या रेट्यानेच गेले पाहिजे. अडला म्हणून बोल्ट आवळून ओढून घेणे ही सर्वांत महागडी चूक: हाउसिंगचा कान तुटतो किंवा क्लच प्लेटचा हब (मधला भाग) वाकतो. गिअरबॉक्सचे वजन प्लेटवर लटकत ठेवले तरी हब वाकतोच. मग क्लच पूर्ण दाबूनही गिअर करकरत पडतो.

क्लच प्लेटचा व्यास (३१०, ३३०, ३५२, ३८० मिमी) फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटनुसार घ्यावा, पण हबचे स्प्लाइन (आतले खाचे) गिअरबॉक्सच्या शाफ्टचे हवेत. फ्लायव्हीलच्या कडेवरील रिंग गिअरचे दाते स्टार्टरच्या पिनियनशी जुळतात का, तेही याच वेळी पाहावे.

ताकदीचा हिशेब पुढे चाकापर्यंत न्यावा. ४०० न्यूटन-मीटर पिळाच्या (टॉर्क) जागी ६०० चे इंजिन आले की पहिल्या गिअरमध्ये प्रोपेलर (गिअरबॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंतचा दांडा) आणि हाफ शाफ्टवरचा (अ‍ॅक्सलपासून चाकापर्यंतचा दांडा) पीळ दीडपट होतो. ओल्या काळ्या रानातून उसाची भरलेली गाडी काढताना किंवा घाटात चढावर पुन्हा उचलताना तो पीळ पूर्ण लागतो. गिअरबॉक्सची सोसण्याची मर्यादा उत्पादकाच्या माहितीत पाहावी, अंदाजाने ठरवू नये.

वेगाचा हिशेब वेगळा. मागच्या अ‍ॅक्सलमधल्या दात्यांच्या जोडीत क्राउनला (मोठे चक्र) ४१ आणि पिनियनला (लहान चक्र) ६ दाते असतील तर प्रमाण ६.८३ येते. चाकाच्या एका फेरीत सुमारे ३.२ मीटर अंतर धरले, तर टॉपमध्ये (१:१) मिनिटाला २,८०० फेऱ्यांना ताशी ७९ किमी, पण २,५०० फेऱ्यांच्या इंजिनाला ७० किमीच मिळतात. ४१/७ चा सेट घातला तर ८२ मिळतात, पण ओढ तेवढी कमी होते. रानातल्या गाडीला ४१/६ च बरा.

गिअरबॉक्स मागे-पुढे सरकला की प्रोपेलर कापावा किंवा वाढवावा लागतो. वेल्डिंग करताना दोन्ही टोकांचे योक (जोडणीचे दुबेळके) एका रेषेत ठेवावेत आणि नंतर बॅलन्सिंग करून घ्यावे. न्यूट्रलमध्ये येणारा आवाज क्लच दाबल्यावर बंद झाला तर क्लच शाफ्टचे बेअरिंग तपासावे. गिअरमध्ये क्लच दाबल्यावरच आला तर पायलट बेअरिंग.

रेडिएटर नव्या इंजिनाच्या उष्णतेला पुरेल असा हवा, कारण इथे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार इंजिन बदलण्यापूर्वी नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी घ्यावी लागते आणि बदलानंतर १४ दिवसांत कळवून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते.