पार्श्वभूमी : बग्गी, कापलेली चासी आणि ‘शून्यापासून’ या शब्दाचा घोळ

घरी बांधलेली बग्गी ‘शून्यापासून’ बनवली असं म्हणतात, तेव्हाही तिचं इंजिन, गिअरबॉक्स, हब, स्टिअरिंग आणि ब्रेक बहुधा दुसऱ्याच गाडीचे असतात. नव्याने बनतो तो सांगाडा आणि फार तर सस्पेंशनचे आर्म. बग्गीचा सगळा इतिहास याच मुद्द्याभोवती फिरतो. कोणत्या काळात कोणती डोनर गाडी (जिचे भाग काढून घ्यायचे ती) स्वस्त मिळत होती, तिचा कोणता भाग कापता येत होता आणि कागदोपत्री तिची ओळख कोणत्या भागाला चिकटलेली होती, यावरून प्रत्येक पिढीच्या बग्गीचा आकार ठरला.

घोड्याच्या बग्गीकडून मोटारीकडे आलं ते फक्त नाव, आणि हलकी, उघडी गाडी ही कल्पना. 1950च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यांवर जुन्या सेडान गाड्यांचा पत्रा उतरवून, चासी आखूड करून वाळूत पळवल्या जात. त्यांत पुढे जड व्ही-8 इंजिन असे. वजन पुढच्या चाकांवर आणि जोर मागच्या चाकांवर, त्यामुळे गाडी नाकाने रुतायची.

फोक्सवॅगन बीटलने हे गणित उलटं केलं. इंजिन मागे, जोर लागणाऱ्या चाकांच्या पाठीमागे. हवेने थंड होणारं, म्हणजे रेडिएटर नाही. शिवाय बॉडीचे बोल्ट काढून ती उचलली की खाली उरलेला फ्लोअरपॅन इंजिन, सस्पेंशन आणि स्टिअरिंगसकट स्वतःच्या चाकांवर उभा राहतो. घरच्या गॅरेजमध्ये काम करणाऱ्याला याहून सोयीची सुरुवात नव्हती.

1964 मध्ये कॅलिफोर्नियातच फायबरग्लासच्या होड्या बांधण्यात हात बसलेल्या एका कारागिराने मेयर्स मँक्स ही बग्गी तयार केली. तिच्यात बीटलचा फ्लोअरपॅन नव्हताच. फायबरग्लासची बॉडी हाच सांगाडा होता, आत लोखंडी मजबुती दिलेली, आणि बीटलची यंत्रसामग्री थेट तिला जोडलेली. रचना म्हणून ती उत्तम होती, पण बनवायला महाग आणि घरी जुळवायला किचकट. अशा डझनभरच किट, म्हणजे घरी जुळवायचे संच, निघाल्या. मग निर्मात्याने दिशा बदलली आणि बीटलचाच फ्लोअरपॅन कापून आखूड करून त्यावर बॉडी बसवायची ठरवली. बग्गी घरोघरी पोचली ती या निर्णयामुळे, आणि त्यावरचा वादही तेव्हापासूनचा आहे.

काप होता सव्वाचौदा इंचांचा, म्हणजे 362 मिलिमीटरचा. बीटलचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) 2400 मिलिमीटर, तो साधारण 2040 वर येतो. वाळूच्या टेकडीचा माथा ओलांडताना लांब गाडीचं पोट टेकतं आणि चारही चाकं निकामी होतात. आखूड गाडी तिथून सुटते आणि कमी जागेत वळते. टेकड्यांसाठी हा काप बरोबरच होता.

त्याला आणखी एक बाजू होती. बीटलचा चासी नंबर मागच्या सीटखाली, मधल्या टनेलवर, म्हणजे फ्लोअरपॅनच्या मधोमध लांबीने जाणाऱ्या पोकळ उंचवट्यावर, ठोकलेला असतो. काप त्याच्या पुढे पडतो, जिथे फ्लोअर मागच्या बाजूला वर चढायला लागतो त्याच्या अलीकडे. त्यामुळे नंबर शाबूत राहतो. अनेक ठिकाणच्या नियमांत ही बग्गी म्हणजे बॉडी बदललेली जुनी बीटलच ठरली आणि जुन्या कागदांवर रस्त्यावर धावू शकली.

मात्र हाच काप रस्त्यावर फिरवायच्या गाड्यांवरही डोळे मिटून केला गेला, आणि ते चुकलं. आखूड व्हीलबेस, मागे लटकणारं इंजिन आणि हलकं नाक असा मेळ वेगात चंचल होतो, ओल्या रस्त्यावर ब्रेक लावला की पुढची चाकं लवकर घसरतात. पूर्ण लांबीच्या पॅनवर बसणाऱ्या चार आसनी बॉडीही पुढे आल्या. त्यात कापाकापी नाही, वेल्डिंग नाही, गाडीही स्थिर. त्यांना कमी प्रतीचं मानण्याची पद्धत पडली ती निव्वळ दिसण्यावरून.

शिवाय तो काप दिसतो तेवढा सोपा नाही. टनेलच्या पोटातून गिअर रॉड, पेट्रोलची नळी आणि क्लच, ॲक्सिलरेटर, हीटरच्या केबलींच्या नळ्या जातात. पेट्रोलची नळी रिकामी करून, हवा मारून कोरडी केल्याशिवाय ग्राइंडर लावणं म्हणजे आगीला आमंत्रण. दोन भाग जोडताना आतल्या नळ्यांची तोंडं समोरासमोर आली नाहीत, तर क्लचची केबल त्या धारेवर घासून तार तार होते. गिअर रॉडही बरोबर 362 मिलिमीटरच आखूड करावा लागतो आणि जोडताना तो अक्षाभोवती जरासुद्धा फिरता कामा नये. म्हणून कापण्याआधी रॉडवर लांबीच्या दिशेने एक सरळ रेघ कोरून घेतात, आत घट्ट बसणारी सळई किंवा नळी सरकवतात आणि रेघेला रेघ जुळवून वेल्ड करतात. हा कोन चुकला की काही गिअर सापडतात आणि काही सापडतच नाहीत. मग दोष गिअरबॉक्सला दिला जातो.

पॅन सपाट टेबलावर आवळून दोन्ही कर्ण मोजायचे, फरक 3 मिलिमीटरच्या आत आणायचा, मग आधी टाके (जागोजागी छोटे वेल्ड) आणि नंतर आळीपाळीने दोन्ही बाजूंना थोडं थोडं वेल्डिंग. सलग ओढलं की पत्रा पिळतो. बीटलची लोखंडी बॉडी पॅनला ताठ ठेवत होती, फायबरग्लास तेवढं काम करत नाही. बोल्टच्या भोकांभोवती तडे जाणाऱ्या जुन्या बग्ग्यांचं कारण बहुधा हेच. कडेने चौकोनी पाइपची पट्टी चालवली की ते थांबतं.

बॉडी हलकी झाल्यावर मागचा भाग उंच उठतो. जुन्या स्विंग ॲक्सलच्या रचनेत, म्हणजे जिथे ॲक्सल फक्त गिअरबॉक्सच्या टोकाला हलतो, चाकं वरून बाहेर झुकतात आणि जोरात वळण घेताना बाहेरचं चाक आत दुमडू पाहतं. उपाय टॉर्शन बार, म्हणजे पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारी सळई, फिरवण्याचा. त्याच्या आतल्या टोकाला 40 आणि बाहेरच्या टोकाला 44 खाचा असतात. आत एक खाच म्हणजे 9 अंश, बाहेर एक खाच म्हणजे साधारण 8 अंश 10 मिनिटं. एक या दिशेने आणि दुसरी उलट दिशेने सरकवली की जेमतेम 50 मिनिटांचा, म्हणजे एका अंशाहूनही कमी, बदल हाती येतो. 1960च्या दशकाच्या अखेरीस ट्रेलिंग आर्म (चाकाला पुढून मागे धरणारे आर्म) आणि प्रत्येक बाजूला दोन सीव्ही जॉइंट (चाक वरखाली होतानाही जोर पोचवणारे सांधे) असलेलं स्वतंत्र सस्पेंशन आल्यावर चाकांचं हे झुकणं बरंच आटोक्यात आलं. म्हणून डोनर निवडताना त्या काळानंतरच्या पॅनला मागणी राहिली.

1967 मध्ये एका मँक्सने मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पात ला पाझ ते तिहुआना हा प्रवास 34 तास 45 मिनिटांत केला. मोटरसायकलवरचा आधीचा विक्रम 39 तास 56 मिनिटांचा होता. त्याच वर्षीची पहिली अधिकृत बाहा शर्यतही मँक्सनेच जिंकली. मागणी उसळली आणि नकला तिच्याही पुढे गेल्या. पेटंटचा दावा न्यायालयात टिकला नाही आणि 1971 मध्ये मूळ कंपनी बंद पडली. त्या निकालाने एका कारागिरावर अन्याय झाला, पण हजारो लोकांना स्वस्त बॉडी मिळाली, हेही खरंच आहे.

दरम्यान वाळवंटातल्या शर्यतींनी फ्लोअरपॅनच टाकून दिला. पाइपचा पूर्ण सांगाडा, मागे बीटलचं इंजिन आणि ट्रान्सॲक्सल (गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकत्र), अंगावर पत्रा जवळजवळ नाही. ही सँड रेल. दुसरीकडे बीटलची मूळ बॉडी ठेवून फक्त पुढचं आणि मागचं टोक छाटलेली ती बाहा बग. मराठीत आपण सगळ्यांनाच बग्गी म्हणतो, पण बांधणाऱ्याच्या दृष्टीने ती तीन वेगळी कामं आहेत. सँड रेलमध्ये ठोकलेला नंबर उरत नाही, आणि खरं ‘शून्यापासून’ तिथे सुरू होतं. कागदांची अडचणही तिथूनच.

सांगाड्यासाठी दोन आसनी रेलमध्ये 38 मिलिमीटर व्यासाचा, सुमारे 2.4 मिलिमीटर जाडीचा पाइप रूढ झाला. 1976 पासून चालत आलेल्या विद्यार्थ्यांच्या छोट्या बग्गी स्पर्धेच्या नियमांत मुख्य पाइपसाठी 25 मिलिमीटर व्यास, 3 मिलिमीटर जाडी आणि किमान 0.18 टक्के कार्बनचं पोलाद हे प्रमाण धरलं जातं. पातळ भिंतीचा पाइप घेतला, तर व्यास वाढवून वाकण्याला तेवढीच ताकद आणि ताठपणा सिद्ध करावा लागतो. घरी सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे नळाचा गॅल्व्हनाइज्ड पाइप वापरणं. त्याच्यावरचा जस्ताचा थर वेल्डिंगमध्ये विषारी धूर सोडतो आणि वेल्डमध्ये छिद्रं पडतात. शिवाय गाडी उलटली तर तो पाइप किती भार घेईल याचा भरवसा नाही. पाइप वाकवताना त्रिज्या व्यासाच्या तिपटीहून कमी केली की वळणाची आतली बाजू चेपते आणि गाडी उलटल्यावर तो पाइप तिथेच मोडतो.

1990 नंतर आणि विशेषतः इंटरनेटवर बांधणीचे नकाशे फिरू लागल्यावर मोटरसायकलच्या इंजिनाची छोटी बग्गी घराघरांत आली. इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच ठोकळ्यात, चेनने मागच्या ॲक्सलला जोर. अडचणी सुरुवातीपासून त्याच. रिव्हर्स नाही. क्लच जेमतेम 200 किलोच्या गाडीसाठी बनलेला आणि ओढायचे 400 किलो, त्यामुळे मागचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) मोठं केलं नाही तर प्लेटा जळतात. मोटरसायकल वळणात झुकते, म्हणून तेल तळाशीच राहतं. बग्गी झुकत नाही, तेल एका बाजूला चढतं, पंप हवा ओढतो आणि बेअरिंग निकामी होते. तेलाच्या भांड्यात आडव्या पट्ट्या घातल्या की हा धोका खूपच कमी होतो.

2003 मध्ये मेक्सिकोत शेवटची बीटल बाहेर पडली. पुढे कारखान्यातूनच तयार साइड-बाय-साइड गाड्या (शेजारी-शेजारी आसनांच्या, कच्च्या वाटेवरच्या छोट्या गाड्या) मिळू लागल्या आणि घरच्या बांधणीचं कारण बदललं. आता सहज मिळणारी डोनर म्हणजे पुढच्या चाकांवर चालणारी छोटी कार. तिचं आडवं इंजिन, गिअरबॉक्स, हब आणि आर्मसकट अख्खं पुढचं टोक उचलून मागे बसवतात. मागे गेलेली ती चाकं आता वळता कामा नयेत, म्हणून त्यात स्टिअरिंगच्या टाय रॉडना (चाक वळवणाऱ्या सळयांना) चासीवर पक्का ठिय्या द्यावा लागतो. तो ठिय्या कुठे आहे हे सगळ्यात महत्त्वाचं. टाय रॉडची आतली बिजागरी खालच्या आर्मच्या बिजागरीच्या रेषेत आणि रॉडची लांबी आर्मच्या लांबीइतकी नसेल, तर प्रत्येक खड्ड्यात मागचं चाक आपोआप थोडं वळतं आणि सरळ रस्त्यावरही गाडी शेपूट हलवत राहते. स्प्रिंग काढून चाक हाताने वरखाली करून हा फरक मोजता येतो. पण तो पक्कं वेल्डिंग करण्याआधी, ठिय्ये नुसत्या टाक्यांवर असतानाच मोजावा लागतो.